दादर टीटी ते डिंग डिंग

नवऱ्याची हाँगकाँगला तीन दिवसांची कॉन्फरन्स होती. हॉटेलात जादा पलंग टाकून मिळत होता. एवढ्या भांडवलावर मी आणि सासूबाई मार्चमध्ये त्याच्यामागोमाग निघालो. चौदा दिवसांपर्यंत राहायचं असेल तर भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागत नाही. निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी तेवढी करायची, तीही फुकट.

यादी मी केली होती. व्हिक्टोरिया पीक, मोठा बुद्ध, रात्रीचा लाइट शो. आईंनी ती वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "यातलं बसून काय बघायचंय?" त्या अडुसष्ट वर्षांच्या, आणि गुडघे त्यांच्याहूनही म्हातारे.

पहिल्या दिवशी व्हिक्टोरिया पीकचा डोंगर. तिथे जाणारी पीक ट्राम १८८८ सालची. तारेने ओढत नेतात तिला. चढ इतका खडा की बाहेरच्या इमारती तिरक्या झाल्यासारख्या दिसतात आणि आपण सरळ! आईंनी माझं मनगट जे धरलं ते वर पोचेपर्यंत सोडलं नाही. वर गेल्यावर मी मोठ्या उत्साहाने गच्चीचंही तिकीट काढलं. समोर पांढरं. खाली पांढरं. मार्चमध्ये तिथे समुद्रावरून दमट धुकं येऊन डोंगराला लपेटून बसतं, हे मला नंतर कळलं. आई म्हणाल्या, "माळशेजला जून-जुलैत हेच दिसतं की, आणि फुकट." म्हणून सांगते, खालून डोंगराचा माथा दिसत नसेल तर वर जाऊच नका. गेलातच, तर गच्चीचे पैसे वाचवा आणि लुगार्ड रोडवर चाला. सपाट रस्ता आहे, वडाच्या जातीच्या झाडांच्या पारंब्या कठड्यावर उतरल्यात, आणि धुक्यात तो उलट जास्तच छान वाटतो.

दुसऱ्या दिवशी माझी आणखी शोभा झाली. सेंट्रल भागात डोंगराच्या उतारावर रस्त्यांवरून सरकते जिने टाकलेत. १९९३ पासून आहेत, सगळे मिळून आठशे मीटर. गुडघ्यांची काळजीच नको, असं आईंना मी दोन दिवस सांगत होते. सकाळी साडेनऊला पोचलो तर जिने खाली येत होते! सकाळी दहापर्यंत ते डोंगरावरच्या वस्तीतल्या लोकांना खाली ऑफिसांकडे आणतात, मग दिशा बदलते आणि मध्यरात्रीपर्यंत वर नेतात. समोरून सूटबूटवाल्यांचा लोंढा उतरतोय आणि आम्ही दोघी पाण्याची बाटली घेऊन पायथ्याशी उभ्या. अर्धा तास थांबायचं कुठे म्हणून खालच्या रस्त्यावर वळलो, आणि कोपऱ्यावर टण टण झालं.

दुमजली ट्राम. अरुंद, उंच, अंगभर जाहिरात रंगवलेली.

"अगं," आई म्हणाल्या, "ही आपली आहे."

मुंबईची ट्राम १९६४ च्या मार्चमध्ये बंद झाली तेव्हा आई आठ वर्षांच्या होत्या, राहायला परळला. दादर टीटीमधला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे मी पाठ केलेलं ज्ञान. त्या तिथे वडिलांचं बोट धरून उतरलेल्या. सरकते जिने राहिले बाजूला. काल गुडघे दुखतात म्हणणारी बाई मागच्या दाराने आत शिरून तो गोल, खडा जिना चढून वरच्या मजल्यावर पहिल्या बाकावर जाऊन बसलीसुद्धा.

ही ट्राम १९०४ पासून हाँगकाँग बेटाच्या उत्तर काठाने धावते. लोक तिला घंटेच्या आवाजावरून डिंग डिंग म्हणतात. मागून चढायचं, पुढून उतरायचं, भाडं उतरताना द्यायचं. कितीही लांब जा, तीन हाँगकाँग डॉलरच्या आसपास, म्हणजे आपले तीस-चाळीस रुपये. ऑक्टोपस नावाचं तिथलं प्रवासाचं कार्ड टेकवलं की काम होतं. नसेल तर सुटे बरोबर ठेवा, परत मिळत नाहीत.

खिडकी उघडी होती. समोरून दुसरी ट्राम आली की तिच्यातला माणूस हातभर अंतरावरून जायचा. बँकांचे मनोरे गेले, वान चाय गेलं, पाट्या दाट झाल्या. आमच्या ट्रामवर नॉर्थ पॉइंट लिहिलेलं होतं, आणि तीच चढावी असं मी आता सगळ्यांना सांगते. कारण शेवटी ती चुन यंग स्ट्रीटच्या बाजारात शिरते. अक्षरशः शिरते. रुळांच्या दोन्ही अंगांना भाजी, संत्री, मासळी, आणि रुळांवर माणसं. मोटरमन घंटा वाजवतो, लोक मान वर न करता एक पाऊल सरकतात, ट्राम जाते, त्यांचं पाऊल परत जागेवर. एक आजी जुडी नाकाशी नेऊन वास घेत होत्या. ट्राम त्यांच्या पिशवीला घासते की काय म्हणून मी डोळे मिटले. आईंनी मिटले नाहीत. म्हणाल्या, "त्यांना माहितीये गं किती सरकायचं ते."

टोकाला उतरलो, रस्त्यावरून संत्री घेतली आणि पुढच्या ट्रामने उलट निघालो. त्या दिवशी आम्ही दुसरं काही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी लांताऊ बेटावरचा बुद्ध. रोपवे ५.७ किलोमीटरचा, मूर्ती ३४ मीटर उंच, पायऱ्या २६८. आई खालीच बसल्या, मी एकटी वर जाऊन आले. पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळतं, टोफू आणि मशरूम पोटभर. यादीतलं एक काम झालं.

स्टार फेरी मात्र यादीत नव्हती. हॉटेल बेटाच्या समोरच्या काठावर, चिम शा चुईला, म्हणून रोज ती सहज व्हायची. हिरव्या-पांढऱ्या बोटी, दहा मिनिटांच्या आत पलीकडे. निळ्या गणवेशातला खलाशी आकडीच्या काठीने दोर पकडतो, फळी धाडकन खाली येते. तिची कंपनी १८८८ मध्ये काढली ती दोराबजी नवरोजी मिठाईवाला नावाच्या पारशाने. आईंना हे सांगितल्यावर त्या बोटीकडे माहेरच्या माणसाकडे बघावं तशा बघायला लागल्या. चिम शा चुईतच मोदी रोड आहे, तोही मुंबईत जन्मलेल्या होरमसजी मोदींच्या नावाचा. वरच्या मजल्यापेक्षा खालचा घ्या. स्वस्त आहे, इंजिनाचा वास येतो आणि पाणी हाताशी असतं.

शेवटच्या रात्री आठला आम्ही बोटीतच होतो. दोन्ही काठांवरच्या इमारतींचे लेझर आणि दिवे सुरू झाले. दहा मिनिटांचा खेळ, आणि खरं सांगू? त्याच्या आधीचे साधे दिवेच मला जास्त आवडले. आईंचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या बाकांची पाठ पुढे-मागे ढकलता येते, बोट ज्या दिशेला जाईल तिकडे तोंड करून बसायचं. सेंट्रलचा धक्का लागला, लोक उठले, तर यांनी पाठ पलीकडे ढकलली आणि परत बसल्या.

"अहो आई, उतरायचंय."

"परत तिकडेच जायचंय ना? मग उठायचं कशाला?"

खलाशाने हाताने खूण केली, उतरा. उतरलो, बाहेरून वळसा घालून आलो, कार्ड टेकवलं आणि त्याच बोटीत चढलो. आमच्या बाकावर कोणीतरी बसलं होतं.