अडकित्त्यांपाशी अडकलो

आज पुण्यात शुक्रवार पेठेतलं काम लवकर आटोपलं, म्हणून बऱ्याच वर्षांनी केळकर संग्रहालयात शिरलो. शाळेच्या सहलीत रांगेतून पळवत नेलं होतं, ते काही बघणं नव्हे.

दिनकर केळकरांचा (१८९६–१९९०) धंदा चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. आणि मग हा नाद: वाड्यावाड्यांतून दिवे, दौती, कुलपं, वाद्यं गोळा करायची. तीही राजेरजवाड्यांचीच असं नाही, तर घरात रोज हाताळली जाणारी. पत्नी कमलाबाईंची त्यात पुरेपूर साथ. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी या संग्रहाला दिलं आणि १९६२ मध्ये सगळं सरकारच्या हवाली केलं.

मी मात्र अडकित्त्यांपाशीच रेंगाळलो. सुपारी तर कुठल्याही पात्याने कातरली जाते. तरी कुणा कारागिराला त्या दोन मुठींना घाट द्यावासा वाटला. शेजारी वज्री. टाचा घासायच्या, त्यावरही पाखरं! त्या कारागिराला कलाकार कुणी म्हटलं असेल का, शंकाच आहे.

'नक्की काय करायचं ठरवलंयस?' हे घरी-दारी ऐकून मला वीट आलाय. नोकरी, थोडं लिहिणं, थोडी चित्रं, कशाचाच कशाला मेळ नाही म्हणतात. चष्मे, कविता आणि अडकित्ते यांचा तरी कुठे होता? उद्या कुणी विचारलं तर हेच ऐकवणार आहे.

बाकी, तिकडे गेलात तर कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल आधी बघून घ्या. शेवटी शेवटी पाय बोलायला लागतात.