गणिताला 20, सुतारकामालाही 20

लेक सहावीत गेली, आणि इथल्या म्हणजे स्वीडनच्या पद्धतीप्रमाणे तिला यंदा पहिल्यांदा श्रेणी मिळाल्या. त्या कागदावर गणित, इंग्रजीच्या रांगेत 'स्लॉइड' होतं. लाकूडकाम, धातुकाम, शिवणकाम असं सगळं त्यात येतं, मुलगे-मुली दोघांनाही. मी शिक्षकांना विचारलं, ही श्रेणी पुढे धरतात का? ते म्हणाले, नववीनंतरच्या प्रवेशासाठी जी बेरीज होते, तिच्यात प्रत्येक विषयाच्या सर्वोच्च श्रेणीला 20 गुण असतात. गणिताला 20, स्लॉइडलाही 20. गणित, इंग्रजी आणि स्वीडिशमध्ये पास व्हावंच लागतं, पण बेरजेत लहानमोठं कोणी नाही.

हे ऐकून मी त्या रात्री नीट झोपलो नाही. आपला कार्यानुभवाचा तास आठवत होता. परीक्षा जवळ आली की तो तास हमखास गणिताच्या सरांना दिला जायचा. वर्ध्याच्या परिषदेत 1937 साली गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण द्या म्हणून सांगितलं होतं. विचार आपल्याकडेही होता, हे मी इथे प्रत्येकाला सांगतो. पण तो आपल्या गुणपत्रिकेत कधी वजनदार झाला नाही, हेही खरं.

इथे मात्र तो मुरला. गोथेनबर्गजवळ नेस नावाच्या ठिकाणी ओट्टो सालोमोन यांनी 1870च्या दशकात शिक्षकांना हे काम शिकवायला सुरुवात केली. जगभरातून मास्तर तिथे शिकायला येत. 1955 साली विषय शाळेत सक्तीचा झाला. सालोमोन यांचा एक नियम लेकीचे शिक्षक आजही पाळतात: मुलाच्या कामाला शिक्षकाने हात लावायचा नाही. दाखवायचं, सांगायचं, पण पटाशी मुलाच्याच हातात राहिली पाहिजे. चमचा वाकडा झाला तरी तो त्या मुलाचाच. आपल्याकडे प्रकल्पाचे पुठ्ठे रात्री जागून आईबाप कापतात, त्यापुढे हे मला फार मोठं वाटतं. आणि या देशात 1988च्या कायद्याने रस्त्यात किंवा शाळेत विनाकारण चाकू बाळगायला बंदी आहे. तरी त्या एका वर्गात दहा-अकरा वर्षांच्या पोरांच्या हातात धारदार चाकू देतात, तो कसा धरायचा ते शिकवून.

चाकू धरण्याची ती रीत शिकायला मीही इथे उमेओला संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागलो. तिथे विले सुंडक्विस्ट हे नाव सारखं कानावर येतं. जन्म 1925, मृत्यू 2018. आमच्याच वेस्टरबॉटन प्रांतात ते हस्तकला सल्लागार होते. अशी माणसं इथे सार्वजनिक पैशातून नेमलेली असतात. चमचे, वाडगे कोरायचे आणि लोकांना शिकवायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. 1970च्या दशकाच्या शेवटी ते अमेरिकेत शिकवायला गेले आणि ओल्या लाकडाचे चमचे कोरण्याची आवड तिकडेही रुजली. मुलगा योगे तेच करतो, तेच शिकवतो. विले यांचा भर पकडीवर असे. कोपर अंगाला चिकटलेलं, चाकूच्या वाटेत बोट नाही, जोर मनगटातून नव्हे तर पाठीतून. नुसता हात हलवणारा लवकर थकतो आणि कापूनही घेतो.

लाकूड बर्चचं, तेही ओलं. ओलं लाकूड चाकूला मऊ लागतं, कोरून झाल्यावर सावकाश वाळवायचं, मग जवसाचं तेल. चमच्यासाठी मुद्दाम वाकडी फांदी शोधतात. फांदीच्या वाकणाबरोबर रेषाही वळलेल्या असतात, म्हणून चमचा मानेत मोडत नाही.

आमच्या बाईंनी हे सांगितलं आणि मला आज्जा दिसला. तासगाव तालुक्यातल्या गावाचा सुतार. नांगराच्या खोडासाठी तो बाभळीचं उपजत बाक असलेलं लाकूड हेरून ठेवायचा. सरळ लाकूड वाकसाने तासून बाक काढला तर रेषा तुटतात आणि रान कठीण लागलं की तो नांगर तिथेच चिरतो, हे त्याला कुणी वर्गात शिकवलं नव्हतं. हाळीस, रुमणं, जू, गाडीची चाकं, सगळं त्याच्या हातचं. मोबदला म्हणजे खळ्यावरचं बलुतं, तेही मागून घ्यायचं. पुढे लोखंडी नांगर आले, ट्रॅक्टर आले आणि खळ्यावरून बोलावणं बंद झालं.

वर्गातल्या एकाने मला विचारलं, भारतात तर ही परंपरा जिवंत असेल ना? मी भराभर सांगत सुटलो. सावंतवाडीची खेळणी, पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब. सगळं खरं होतं आणि अभिमानाने सांगितलं. पण ते खांब कोरणाऱ्यांची नावं मला सांगता आली नाहीत. विले यांचं नाव इथे लोकांच्या तोंडी आहे. फरक कौशल्याचा नाही, आमचा आज्जा त्यांच्या शेजारी बसला असता तर दोघांनी एकमेकांची हत्यारं हातात घेऊन धार पाहिली असती. फरक असा की इथे चाकू धरणं ही निवड होती. आमच्याकडे वाकस जन्माबरोबर मिळायचा आणि माणसाची पायरीही ठरवून जायचा.

म्हणून इथलं कौतुक ऐकून कुणी मला म्हणालं की तुम्ही लोकांनी आपली कला टाकून दिली, तर मी ऐकून घेत नाही. माझ्या वडिलांनी मला त्या हत्यारांना हात लावू दिला नाही. त्यांनी बरोबर केलं. मी इंजिनिअर झालो नसतो तर लेक या शाळेत नसती.

परवा फोनवर त्यांना सांगितलं की नात नववीनंतर हस्तकलेच्या शाखेला जायचं म्हणते, इथे तशी शाखा आहे. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पोटाला मिळतंय का तितं?" मी म्हटलं, सुताराचा पगार शाळामास्तराच्या फार मागे नाही. त्यावर त्यांनी दुसरं विचारलं, "आन् लोक पंगतीत शेजारी बसत्यात?" बसतात, म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "मग जाऊ दे की तिला. तुला मी सुतारकामापासनं न्हाई, बलुत्यापासनं तोडलाय."