हमाली-तोलाईची फुगडी : जिनिंगच्या आकृतीचा पुढचा हप्ता

मागच्या हप्त्यातली जिनिंगची आकृती (स्ट्रिंग डायग्रॅम : काम म्हणजे बॉक्स, माल म्हणजे तार) आता आकडे देते. कापसाची एक तार जिनिंगच्या बॉक्समध्ये वरून शिरते, खाली रुई आणि सरकी अशा दोन तारा निघतात. सरकीची तार घाण्यात जाते, तिथून तेल आणि ढेप. फंक्टर, म्हणजे आकृतीचं मॅट्रिक्समध्ये भाषांतर करणारा नियम, तसाच ठेवलाय : प्रत्येक तारेला किलोचा एक आकडा, शेजारी-शेजारी ठेवणं म्हणजे डायरेक्ट सम (मॅट्रिक्स कर्णावर मांडून बाकी शून्यं), खाली-खाली जोडणं म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार. उतारे अंदाजाने धरलेत. जिनिंगला रुई ०.३४ आणि सरकी ०.६४, घाण्याला तेल ०.१२ आणि ढेप ०.८५, बाकीची घट. ५ क्विंटल कापूस सोडला की खाली १७० किलो रुई, ३८.४ किलो तेल, २७२ किलो ढेप. १७० किलो म्हणजे बरोबर एक गाठ. उतारे बदलले तर त्या-त्या बॉक्सचं मॅट्रिक्स तेवढं बदलायचं, आकृतीला हात लावावा लागत नाही. कंपोझिशनॅलिटी (तुकड्यांच्या अर्थावरून अख्ख्याचा अर्थ) म्हणतात ती एवढीच, पण पडद्यावर १७० उमटल्यावर बरं वाटलं.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण बाजाराचा खर्च घालायचा म्हणून हमाली आणि तोलाई असे दोन बॉक्स टाकले. ना वरून तार, ना खालून, म्हणजे स्केलर. आणि नॉर्मल फॉर्म (एकाच आकृतीच्या सगळ्या मांडण्यांसाठी एकच ठरलेली मांडणी) काढणारा प्रोग्राम जो फिरायला लागला तो थांबेचना.

कारण कागदावर पाच मिनिटांत सापडतं. आकृती आपण (बॉक्स, डावीकडच्या तारांची संख्या) अशा जोड्यांच्या यादीत ठेवतो. वर फ हा बॉक्स, डावीकडे क तारा. त्याच्या लगेच खाली ग, डावीकडे ख तारा. ख हा क अधिक फ-च्या बाहेर पडणाऱ्या तारा एवढा किंवा त्याहून मोठा असेल तर ग पूर्ण उजवीकडे आहे, त्याला वर उचलता येतं. नवा ख म्हणजे जुन्यातून फ-च्या बाहेरच्या तारा वजा, आतल्या तारा अधिक. आता हमाली ०, तोलाई ०. शून्य हे शून्य अधिक शून्याएवढं आहेच, म्हणून तोलाई वर जाते. नव्या यादीत पुन्हा ० आणि ०, म्हणून हमाली वर जाते. दोघी हात धरून फुगडी घालतात आणि प्रोग्राम मोजत बसतो. हा गणितज्ञ एकमन-हिल्टन यांचाच युक्तिवाद : स्केलर एकमेकांभोवती मोकळे फिरतात, म्हणूनच ते कम्युट होतात (क्रम बदलला तरी उत्तर तेच). सिद्धांतात जे सुंदर, तेच लूपमध्ये घातक.

पहिला उपाय : फ-च्या बाहेर तार नसेल तर ख हा क-पेक्षा नक्की मोठा हवा. फुगडी थांबली, पण दुसरीकडे मोडलं. तार संपवणारा ‘तूट’ हा बॉक्स आणि लगेच खाली, त्याच जागी, नवी तार सुरू करणारा ‘आवक’ हा बॉक्स. इथे आवक वर उचलणं रीतसर आहे, तुटीच्या तारेच्या डावीकडूनही आणि उजवीकडूनही. कडक अट दोन्ही अडवते, आणि एकाच आकृतीचे दोन वेगळे नॉर्मल फॉर्म हाती येतात. म्हणजे चूक उत्तर, तेही मुकाट्याने. लूप परवडला, निदान कळतो तरी.

दुसरा उपाय : सगळे स्केलर डावीकडे वर ओढायचे आणि अकारविल्हे लावायचे. एकट्या बॉक्सला हे चालतं. मग ‘उचल’ आणि ‘फेड’ आले. उचल कर्जाची तार काढते, फेड ती संपवते. दोघांपैकी एकही स्केलर नाही, पण मिळून बंद तुकडा होतो आणि तो तुकडा हमालीभोवती फिरतो. सुटे तुकडे ओळखायचे तर तारांवरून ग्राफ शोधणं आलं.

देल्प्यूश आणि व्हिकरी या संशोधकांनी हेच नीट मांडलंय : आकृती जोडलेली (सगळे बॉक्स तारांनी एकमेकांशी बांधलेले) असेल तर एकाच बाजूची अदलाबदल (उजवीकडचा बॉक्स वर उचलणं) नक्की संपते, सुटे तुकडे असतील तर वेगळी व्यवस्था लागते. ‘जोडलेली’ हा शब्द आपण वाचताना गाळला होता.

हाताने पडताळायला सॉफ्टबोर्ड, टाचण्या आणि सुती नाडी. नायलॉनची दोरी घेऊ नका, पीळ घेते आणि क्रॉसिंग नसलं तरी दिसतं. जळगावच्या फुले मार्केटातली साधी नाडी पुरते. हमाली-तोलाईचे पुठ्ठे कुठल्याच नाडीला बांधलेले नसतात, बोटाने ढकलले की एकमेकांभोवती फिरतात, सगळा प्रश्न तिथेच दिसतो. होमोटॉपी डॉट आयओ या आकृत्यांच्या वेबसाधनावर हीच फुगडी तिसऱ्या मितीत वेणी होते, ते बघाच. छापायच्या आकृतीला मात्र टिकझिट हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअरच. आपोआप मांडणी करणाऱ्या साधनांनी तारा सरळ ठेवलेल्या अजून पाहिल्या नाहीत.

हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली आणि बेत बदलला. डायरेक्ट समच्या फंक्टरमध्ये एकही तार नसणं म्हणजे शून्य मिती. स्केलरचं मॅट्रिक्स ० बाय ०, आणि तसं एकच असतं. म्हणजे लूप सुटला असता तरी हमालीला दर देताच आला नसता. ती मुळात स्केलर नव्हेच! रुपयांची वेगळी तार हवी. हमाली : कापूस आणि रुपये आत, कापूस आणि रुपये बाहेर. मॅट्रिक्सची वरची ओळ १, ०. खालची −०.२०, १. तोलाईला −०.२० च्या जागी −०.०५ (दोन्ही दर किलोमागे, धरलेले). जोडून ५ क्विंटलला रुपयांच्या तारेवर −१२५. सगळं रुपयांच्या तारेला बांधलं गेलं, सुटा तुकडा उरला नाही, फुगडी आपोआप बंद. जुनी आकृती अशी बदलून चालवली, नॉर्मल फॉर्म लगेच आला.

फुकट मात्र नाही. आधी हमाली की आधी तोलाई, या आता दोन वेगळ्या आकृत्या आहेत. मॅट्रिक्स कम्युट होतात, आकृतीला ते कळत नाही. ते समीकरण वेगळं घालावं लागेल. दुसरं, जिनिंगनंतर तारा रुई, सरकी, रुपये अशा क्रमाने येतात. रुईवर खर्च लावायचा तर रुपयांची तार सरकीवरून न्यावी लागते. तारा एकमेकींना ओलांडू लागल्या की ही सपाट यादी पुरत नाही, सिमेट्रिक मोनॉइडल (तारांना ओलांडायची मुभा असलेली रचना) आलं, म्हणजे हायपरग्राफ (एक कडा अनेक बिंदूंना जोडते असा ग्राफ). बॉक्स म्हणजे कडा, तारा म्हणजे बिंदू. त्यात अदलाबदल हा प्रकारच उरत नाही.

तेव्हा यादीचा प्रोग्राम इथेच ठेवतो. पुढच्या हप्त्यात घाण्यापर्यंतची आकृती हायपरग्राफमध्ये, आणि हमाली-तोलाईचं समीकरण त्यात पुनर्लेखनाचा नियम म्हणून. तो नियम एकाच दिशेने चालवायचा, नाहीतर पुन्हा फुगडी.