शेजारच्या घराचं एचएमओ: बर्मिंगहॅममध्ये हरकत लिहिताना

बर्मिंगहॅममध्ये गल्लीतले चार रहिवासी एकत्र आले की विषय तीनच: कचरा, पार्किंग आणि एचएमओ, म्हणजे एका कुटुंबातली नसलेली माणसं खोल्या घेऊन एकत्र राहतात ते भाड्याचं घर. कचऱ्याची कथा सगळ्यांना पाठ आहे. 5 सप्टेंबर 2023 ला सिटी कौन्सिलने कलम 114 ची नोटीस काढली, म्हणजे अत्यावश्यक सोडून नव्या खर्चाला कुलूप. आणि 11 मार्च 2025 पासून कचरा कामगार बेमुदत संपावर गेले. त्यात एकट्यादुकट्या रहिवाशाच्या हाती फारसं काही नाही. एचएमओच्या बाबतीत मात्र आहे, आणि लोक नेमकी तिथेच ताकद वाया घालवतात. दोनशे सह्या गोळा होतात, पण ज्या एका आकड्यावर मालकाचा परवानगीचा अर्ज अडला असता तो कुणी मोजत नाही.

आधी व्याख्या नीट समजून घ्या, कारण अर्ध्या हरकती इथेच घसरतात. एका कुटुंबातल्या नसलेल्या तीन ते सहा जणांनी घर घेऊन स्वयंपाकघर किंवा बाथरूम सामायिक वापरलं, की प्लॅनिंगच्या, म्हणजे बांधकाम आणि वापराच्या परवानगीच्या भाषेत ते एचएमओ, सी4 वर्गातलं घर. कुटुंबाचं घर सी3. इंग्लंडमध्ये एरवी सी3 चं सी4 करायला प्लॅनिंगची परवानगी लागत नाही. ती लागावी म्हणून कौन्सिलला ‘आर्टिकल 4’ आदेश काढावा लागतो. बर्मिंगहॅममध्ये सेली ओक, एजबॅस्टन आणि हार्बोर्नच्या भागांत तो 2014 पासून होता. 8 जून 2020 पासून संपूर्ण शहरात आहे. सात किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर आदेश असो वा नसो, परवानगी लागतेच. म्हणून एक क्रम वारंवार दिसतो: आधी सहा जणांची परवानगी, मग वर्षभरात सातव्या-आठव्या खोलीसाठी नवा अर्ज. दुसरा अर्ज ‘एकच तर माणूस वाढतोय’ म्हणून सोडून देऊ नका. त्याने घराचा वर्गच बदलतो.

एचएमओ भाड्याने द्यायचं लायसन्स ही पूर्ण वेगळी गोष्ट, वेगळं खातं, वेगळा कायदा. दोन किंवा जास्त कुटुंबांतली मिळून पाच किंवा जास्त माणसं असतील तर देशभर सक्तीचं लायसन्स. तीन-चार जणांच्या घरांसाठीही बर्मिंगहॅमने 5 जून 2023 पासून शहरभर अतिरिक्त लायसन्स योजना लागू केली. लायसन्स मिळालं म्हणजे प्लॅनिंगची परवानगी मिळाली असं होत नाही, आणि उलटंही नाही. ‘मालकाकडे लायसन्स नाही’ हा प्लॅनिंगच्या हरकतीत मुद्दाच होत नाही. तो लायसन्स खात्याकडे कळवायचा. खोलीचं क्षेत्रफळही मुख्यतः लायसन्सचा विषय: एका प्रौढाला किमान 6.51 चौ. मी., दोघांना 10.22. तरी नकाशावर एखादी खोली या आकड्याच्या खाली दिसली तर पत्रात जरूर लिहा. राहणाऱ्यांची सोय हा प्लॅनिंगमध्येही विचारात घ्यायचा मुद्दा असतो.

आता मोजणी. 2021 मध्ये मंजूर झालेल्या शहराच्या विकास आराखड्यात डीएम11 हे धोरण आहे आणि एचएमओचा जवळजवळ प्रत्येक अर्ज त्यावर तोलला जातो. त्याचे तीन दात आहेत. अर्जातलं घर केंद्र धरून 100 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात एचएमओंचं प्रमाण एकूण घरांच्या 10 टक्क्यांपुढे जाता कामा नये. दोन बिगर-कौटुंबिक घरांच्या मध्ये एखादं कुटुंबाचं घर चेपलं जाता कामा नये. आणि अशी तीन किंवा जास्त घरं सलग होता कामा नयेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीत फक्त एचएमओ नाही, तर फ्लॅट पाडलेली घरं आणि विद्यार्थ्यांची निवासंही धरली जातात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या एका बाजूच्या घराचे दोन फ्लॅट झालेले असतील आणि दुसऱ्या बाजूला एचएमओचा अर्ज आला असेल, तर टक्केवारीच्या आधी हा मुद्दा लिहा. तो वादातीत असतो: दाराचे नंबर दिले की संपलं.

टक्केवारीसाठी नकाशावर वर्तुळ काढा, आतली घरं मोजा. समजा 118 घरं आहेत आणि 11 एचएमओ. आज प्रमाण 9.3 टक्के. अर्जातलं घर धरलं की 12, म्हणजे 10.2 टक्के, मर्यादेबाहेर. अधिकारी स्वतःची मोजणी करतातच, पण ती कौन्सिलच्या नोंदींवर: लायसन्सची सार्वजनिक नोंदवही, प्लॅनिंगचे जुने निकाल, कौन्सिल टॅक्सची माहिती. नोंदीत नसलेलं घर त्यांच्या लेखी नसतंच. तुमच्या पत्राची खरी किंमत इथे आहे. लायसन्सची नोंदवही कुणालाही पाहता येते. ती आपल्या वर्तुळाशी ताडून बघा आणि न सापडलेली घरं स्वतंत्र लिहा. प्रत्येक घरापुढे पुरावा हवा: खोलीनिहाय भाड्याची जाहिरात आणि तिची तारीख, दारावरच्या वेगवेगळ्या बेल. ‘इथे सगळं एचएमओच झालंय’ या वाक्याला शून्य वजन आहे.

एक खाच आहे. हाउसिंग असोसिएशन (स्वस्त भाड्याची घरं देणारी ना-नफा संस्था) किंवा कौन्सिल चालवत असलेलं घर कायद्याच्या व्याख्येतच एचएमओ ठरत नाही, मग आत सहा अनोळखी माणसं का राहत असेनात. बर्मिंगहॅममध्ये ‘एक्झेम्प्ट’ म्हणजे आधार-सेवेसह दिलेली घरं प्रचंड आहेत, आणि त्यातली पुष्कळशी या फटीतून मोजणीबाहेर राहतात. अशा निवासांवर देखरेखीसाठी 2023 मध्ये वेगळा कायदा झाला. तुमच्या यादीत ही घरं वेगळ्या रकान्यात ठेवा. एचएमओंत मिसळलीत तर अधिकारी एक चूक दाखवून अख्खी यादी बाजूला सारेल.

वजन नसलेले मुद्दे सरळ वगळा: घराची किंमत पडेल, खिडकीतून दिसणारं दृश्य जाईल, सामाईक भिंतीचा वाद, मालकाचा स्वभाव, त्याची आणखी किती घरं आहेत. काम आधी सुरू केलं आणि अर्ज नंतर केला, हेसुद्धा नकाराचं कारण होत नाही. झालेल्या कामासाठी मागाहून अर्ज करायची सोय कायद्यातच आहे. शिवाय सुरू असलेलं बांधकाम बेकायदा असेलच असं नाही. एकमेकांना जोडलेल्या रांगेतल्या घराला मागे 3 मीटरपर्यंत एकमजली वाढीव बांधकाम आणि 40 घनमीटरपर्यंत लॉफ्टची वाढ साधारणपणे अर्जाशिवाय करता येते. मालक आधी हे उरकतात, मग वापर बदलण्याचा अर्ज टाकतात.

आणि भाडेकरू कोण असतील, कुठल्या देशाचे, कुठल्या धंद्याचे, यावर एक ओळही नको. परवानगी वापराला असते, माणसांना नव्हे. असं लिहिलेलं पत्र प्रसिद्ध होत नाही किंवा काळं करून लावलं जातं, आणि त्यातला चांगला मुद्दाही सोबत बुडतो. आपण स्वतः परदेशातून येऊन इथल्या अशाच खोल्यांत सुरुवात केलेले लोक; हे वेगळं सांगायला लागू नये, पण गल्लीच्या ग्रुपवरचे मेसेज वाचले की सांगावंसं वाटतं.

पार्किंग हा लोकांचा लाडका मुद्दा, आणि सगळ्यात कमकुवत. बस किंवा रेल्वे जवळ असेल तर वाहतूक विभाग सहसा हरकत घेत नाही. लिहायचंच तर रात्री दहानंतरचे, तारीख असलेले फोटो आणि कडेला किती गाड्या मावतात त्याचा आकडा द्या. डब्यांचं तसंच: ‘कचरा वाढेल’ याऐवजी पुढच्या अंगणाची रुंदी, 240 लिटरचा डबा साधारण 58 सें.मी. रुंद, सहा माणसांसाठी किती डबे लागतील आणि त्यानंतर दारापर्यंत वाट किती उरते ते लिहा. यावर अर्ज फेटाळला नाही तरी डबे कुठे ठेवायचे, माणसं जास्तीत जास्त किती, अशा अटी पडू शकतात. अटी पुढे तुमच्याच उपयोगाच्या.

अर्जाची नोटीस लागल्यापासून हरकतीला साधारण 21 दिवस मिळतात; छोट्या अर्जाचा निकाल 8 आठवड्यांत अपेक्षित असतो. निनावी पत्र धरत नाहीत, आणि पत्र कौन्सिलच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसतं. म्हणून नाव-पत्ता द्या, पण मजकुरात फोन नंबर, मुलांच्या शाळेच्या वेळा, असलं काही नको. एकाच मजकुराची पन्नास पत्रं पाठवण्यापेक्षा तीन घरांनी तीन वेगळे मुद्दे घ्यावेत: एकाने मोजणी, एकाने चेपलेलं घर, एकाने आवाज आणि भिंतींची रचना.

बहुतेक अर्जांवर अधिकारीच निर्णय देतात. अर्ज नगरसेवकांच्या प्लॅनिंग समितीपुढे जावा असं वाटत असेल तर वॉर्डाच्या नगरसेवकाला मुदतीच्या आत, प्लॅनिंगचं कारण देऊन लिहा. खासदाराला लिहिण्यात वेळ घालवू नका, त्याचा यात अधिकार नाही. नगरसेवक समितीचा सदस्य असेल तर ‘मी विरोधात मत देईन’ असं त्याच्याकडून आधी वदवून घेऊ नका. पूर्वग्रह दिसला तर निर्णयच अडचणीत येतो.

अर्ज फेटाळला तर मालक सहा महिन्यांत अपील करू शकतो. मंजूर झाला तर शेजाऱ्याला अपील नाही. उरतं ते सहा आठवड्यांच्या आत न्यायालयीन पुनर्विलोकन, तेही केवळ कायदेशीर चुकीवर, आणि महागडं. अपिलात निर्णय देणाऱ्या प्लॅनिंग इन्स्पेक्टरकडे तुमचं पहिलंच पत्र जातं, म्हणून ‘सविस्तर नंतर कळवू’ असं लिहून ठेवणं धोक्याचं.

कधी कधी अर्ज परवानगीचा नसतोच. तो ‘कायदेशीर वापराच्या दाखल्या’चा असतो. मालकाचं म्हणणं असतं की दहा वर्षं सलग इथे एचएमओच आहे, किंवा आर्टिकल 4 आदेश लागू होण्याआधीपासून आहे. इथे डीएम11, पार्किंग, आवाज, सगळं गैरलागू. प्रश्न एकच: तारखा खऱ्या आहेत का? 2019 ते 2021 दरम्यान तिथे एकच कुटुंब राहत होतं, हे तुम्हाला ठाऊक असेल तर तेवढंच लिहा, आणि ज्यावरून ठाऊक आहे तो तारखेचा कागद किंवा फोटो जोडा.