हसण्याची जागा ज्याची त्याची

डोक्याला मार लागलेला हॉटेलमालक बेझिल जर्मन पाहुण्यांसमोर युद्धाचा उल्लेख करू नका असे सर्वांना बजावतो आणि मग स्वतःच पदोपदी तो करत सुटतो, तो 'फॉल्टी टॉवर्स' या ब्रिटिश विनोदी मालिकेचा भाग आज दुपारी घरच्यांना आग्रहाने दाखवला. माझी हसून पुरेवाट झाली, पत्नीने मात्र, "हा माणूस सगळ्यांवर इतका खेकसतो का?" असे विचारले. प्रश्न रास्त होता. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेल्या या मालिकेचे १९७५ आणि १९७९ मिळून अवघे १२ भाग निघाले, आणि त्यांतला विनोद बहुतांशी प्रतिष्ठा सांभाळण्यासाठी एकावर एक खोटे रचत जाणाऱ्या माणसाच्या फजितीचा आहे. ती फजिती पाहतानाच ज्याला अवघडल्यासारखे होते, त्याला हसू येणार कसे?

वडिलांना 'येस मिनिस्टर' ही मंत्री आणि नोकरशाहीवरची ब्रिटिश मालिका प्रिय. त्यांची हयात सरकारी नोकरीत गेली असल्यामुळे, त्यातले सचिव सर हम्फ्री एका लांबलचक, निर्दोष वाक्यात मंत्रिमहोदयांना नकार देतात तेव्हा त्यांना आपले जुने साहेब आठवतात. (२००१ मध्ये तिचे 'जी मंत्रीजी' हे हिंदी रूप आले होते आणि फारुख शेख त्यात मंत्री होते, हे किती जणांच्या लक्षात आहे?) भाचीला हे दोन्ही रटाळ वाटते, तिला मिस्टर बीन हवा, कारण तिथे संवादांकडे कान लावून बसावे लागत नाही. मला बीनचा लवकर कंटाळा येतो, पण त्याच रोवन ॲटकिन्सनची 'ब्लॅकॲडर' ही मालिका मी कितीही वेळा पाहू शकतो. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत घडणारे तिचे चौथे पर्व उद्यापासून लावणार आहे. वडील तयार आहेत, पत्नीचा होकार यायचा आहे.