स्लाइस मागितला एक, मिळाला भलताच

शिगम्याच्या मिरवणुकीला फोंड्यात उभा होतो, रोमटामेळ ऐन रंगात आलेला, बाजूला चणेवाल्याला वीस रुपये यूपीआयनं द्यायचे तर चक्र नुसतं फिरतंय आणि फोनवर ५जीच्या काड्या फुल. भाचा सोबत होता, फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतो, तो म्हणाला "मामा, पेमेंटला वेगळा स्लाइस दिला असता तर गेलं असतं ना?" (स्लाइस म्हणजे एकाच ५जी नेटवर्कचा एखाद्या कामासाठी वेगळा काढलेला आभासी भाग.) मी हो म्हटलं. रात्री घरी आल्यावर ते हो टोचायला लागलं, कारण ते वाचून म्हटलेलं, मोजून नाही. गर्दीत बहुतेक वेळा अडतं ते रेडिओकडे, म्हणजे फोन ते टॉवर, ते घरी बसून मोजता येणार नाही, पण कोअरचा, टॉवरमागच्या सर्व्हरांचा, भाग तर येतो.

मग जुना डेस्कटॉप काढला, त्यावर फ्री५जीसी टाकलं, म्हणजे ५जी कोअरचं फुकट सॉफ्टवेअर, आणि टॉवर-फोनच्या जागी यूईरॅनसिम, त्यांची नक्कल करणारा प्रोग्राम. स्लाइसची ओळख म्हणजे एस-एनएसएसएआय, त्यात प्रकार सांगणारा ८ बिटचा एसएसटी (१ म्हणजे साधा ब्रॉडबँड, २ कमी लेटन्सीवाला म्हणजे कमी उशिराचा, ३ सेन्सर वगैरेंसाठी) आणि हवा असेल तर २४ बिटचा एसडी, एकाच प्रकारचे दोन स्लाइस वेगळे ओळखायला. मी दोन्हींचा एसएसटी १ ठेवला, एसडी एकाचा ११२२३३, तो डिफॉल्ट, आणि पेमेंटवाल्याचा ०१०२०३.

फोन रजिस्टर झाला, सेशन (डेटाची जोडणी) उभं राहिलं, आयपर्फ (स्पीड मोजायचं साधन) मस्त धावला. दोन दिवस मी त्या आकड्यांवर खूश होतो. तिसऱ्या दिवशी पाऊस चाललेला, लाईट गेली, आल्यावर सगळं परत उठवताना सहज वायरशार्क लावून नेटवर्कवरचे संदेश बघितले (एनक्रिप्शन नल, म्हणजे बंद, ठेवलेलं म्हणून आतलं वाचता आलं) तर फोननं मागितलेल्या यादीत एसडी ००१०८३! हा कुठून आला? कॉन्फिग फाइलमध्ये मी आकड्याआधी शून्य-एक्स (हेक्सची, म्हणजे सोळाच्या पायाची खूण) लावलं नव्हतं, त्यामुळे शून्यानं सुरू होणारा आकडा ऑक्टल, म्हणजे आठच्या पायाचा, धरला गेला, ऑक्टल १०२०३ म्हणजे ४२२७, आणि तेच हेक्समध्ये १०८३. असा स्लाइस त्या सिमच्या सबस्क्रिप्शनमध्येच नाही. आता स्टँडर्ड काय म्हणतं, मागितलेल्यातलं काहीच चालत नसेल तर सबस्क्रिप्शनमधला डिफॉल्ट द्या. एएमएफनं (कोअरमधला फोनची नोंदणी बघणारा भाग) एनएसएसएफला (स्लाइस निवडणारा भाग) विचारून नेमकं तेच केलं, सेशनच्या भागात मी स्लाइस लिहिलाच नव्हता म्हणून तेही डिफॉल्टवर गेलं. दोन दिवस मी पेमेंटचा स्लाइस समजून डिफॉल्टच मोजत होतो आणि कुठे एक एरर नाही.

म्हणून कोणी हे करत असेल तर कळकळीनं सांगतो, स्पीड बघायच्या आधी अलाउड एनएसएसएआय, म्हणजे नेटवर्कनं फोनला खरंच दिलेल्या स्लाइसची यादी, उघडून बघा, प्रत्येक रनला.

दुसरी गोष्ट रजिस्ट्रेशनच्या वेळेची. पुष्कळ जण रजिस्ट्रेशन रिक्वेस्ट ते अ‍ॅक्सेप्ट एवढा वेळ घेतात आणि त्याला स्लाइस सिलेक्शनचा वेळ म्हणतात, ते मला पटत नाही. त्यात सिमचं ऑथेंटिकेशन आहे, यूडीएमकडून (ग्राहकांची माहिती ठेवणारा भाग) सबस्क्रिप्शन आणणं आहे, मागे डेटाबेस आहे, आणि एएमएफ स्वतःच ठरवू शकत असेल तर एनएसएसएफला विचारलंही जात नाही. मी टीसीपीडम्पनं पकडलेल्या पॅकेटांमधून एएमएफ-एनएसएसएफचा तेवढा एक सवाल-जवाब वेगळा काढला. त्यातही पहिला नेहमी सुस्त, कारण आधी एनआरएफकडे (कोअरच्या भागांची डिरेक्टरी) पत्ता विचारायचा, नवीन कनेक्शन जोडायचं, तो धरला की सरासरी बिघडते. आणि सरासरीपेक्षा पी९९ (शंभरातले नव्व्याण्णव ज्याच्या आत येतात तो वेळ) बघा, अडकलेला माणूस तिथेच असतो.

मग शेवटी जे मुळात बघायचं होतं ते. आधी दोन्ही स्लाइसना एकच यूपीएफ, म्हणजे कोअरमधला फोनचा डेटा पुढे नेणारा भाग. डिफॉल्टवर आयपर्फ फुल सोडला आणि पेमेंटच्या स्लाइसवर पिंग (पॅकेट जाऊन यायला किती वेळ लागतो ते), तर पिंग लगेच उड्या मारायला लागला. नाव वेगळं, एसडी वेगळा, पण पॅकेट जाणार त्याच जीटीपी बोगद्यांच्या (फोनचा डेटा कोअरमध्ये ज्यातून नेतात त्या) तोंडातून, त्याच सीपीयूवर. मग पेमेंटला वेगळा यूपीएफ दिला, तरीही उड्या, फक्त कमी. फ्री५जीसीत पॅकेट हलवायचं काम कर्नलमधलं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं, मॉड्यूल करतं, नुसती प्रोसेस वेगळी करून कर्नल थोडाच वेगळा होतो! दुसरा यूपीएफ उचलून भाच्याच्या लॅपटॉपवर नेला, मध्ये केबल टाकली, तेव्हा कुठे पिंग शांत झाला, इकडे आयपर्फ कितीही ओतत असला तरी.

भाच्याला ग्राफ दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला "म्हणजे मामा, त्या दिवशीचं उत्तर हो नव्हतं." नव्हतंच. आता त्याच्याच लॅपटॉपवर रात्रभर शंभर फोनांचा रन लावलाय, सकाळी कॉलेजला जाताना लॅपटॉप परत पाहिजे म्हणालाय.