घळीतले युद्ध आणि मेणाचा राक्षस : एका लघुपटाचा माझा अनुभव

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या नाट्यमंडळाने एकांकिका पुष्कळ केल्या होत्या. पण पहिल्या महायुद्धातले शिपाई आणि राक्षस यांचा लघुपट करावा, असे मी सुचवले, तेव्हा सर्वांनी आधी पैशाचा प्रश्न काढला, आणि तो रास्तच होता. युद्धपटाला गणवेश, शस्त्रे, धूर आणि गर्दी लागते. राक्षसपटाला मुखवटे आणि यंत्रे लागतात. ह्या दोन्ही खर्चिक गोष्टी एकत्र आणून थोड्या पैशांत चित्रपट करणाऱ्यांची एक परंपरा मात्र जगात आहे आणि तिच्यावर माझे मनापासून प्रेम आहे. त्यांतले बरेच चित्रपट कच्चे असतात. पण जे जमून आले आहेत, त्यांत खर्च कुठे टाळायचा ह्याचे उत्तर कथेनेच दिलेले असते.

आम्ही आधी असे काही चित्रपट एकत्र बसून पाहिले. केन वीडरहॉर्नच्या ‘शॉक वेव्ह्ज’मध्ये (१९७७) मेलेले नाझी सैनिक समुद्राच्या पाण्यातून वर येतात. त्यांच्या अंगावर गणवेश आणि डोळ्यांवर काळे गॉगल ह्यांपलीकडे फारसे काही नसते, तरी ते शांतपणे पाण्याबाहेर येऊ लागले की बसल्या जागी आखडायला होते. ‘डेथवॉच’ (२००२) १९१७ सालच्या पश्चिम आघाडीवर, जवळजवळ संपूर्णपणे एका जर्मन खंदकात घडतो. ‘डॉग सोल्जर्स’ची (२००२) कथा स्कॉटलंडच्या डोंगरांतली असली, तरी चित्रीकरण मुख्यतः लक्झेंबर्गमध्ये झाले. ह्या सर्वांच्या आधी, १९१९ साली, आबेल गान्सने ‘जाक्यूझ’मध्ये रणांगणावरचे मृत सैनिक उठून चालू लागतात असे दाखवले होते, आणि त्या भूमिका रजेवर आलेल्या खऱ्या सैनिकांनी केल्या होत्या. त्यांना पुन्हा आघाडीवर जायचे होते. तो चित्रपट स्वस्त नव्हता, पण माझ्या दृष्टीने ह्या साऱ्या प्रकाराचे मूळ तिथे आहे: राक्षस बाहेरून आणून युद्धात सोडायचा नसतो, तो त्या युद्धातूनच निघावा लागतो.

म्हणून नाझी सैनिक किंवा पाश्चात्त्य खंदक उसने घेण्याऐवजी मी आमच्याच संस्थानाच्या सैन्याचा इतिहास वाचायला घेतला. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून सुमारे आठ हजारांची फौज जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरावर उतरवली. हे बंदर आजच्या टांझानियात आहे. त्या फौजेत ग्वाल्हेर संस्थानाच्या तिसऱ्या पलटणीचा अर्धा भाग होता. जर्मन सेनानी पॉल फॉन लेटो-फोरबेक ह्याच्या सुमारे हजार माणसांनी ह्या फौजेला परतवले. लढाईच्या गदारोळात झाडांवरच्या मधमाश्या उठल्या आणि दोन्ही बाजूंच्या सैनिकांवर तुटून पडल्या, ही नोंद वाचताच मला माझा राक्षस सापडला. पुढची चार वर्षे त्या मोहिमेत गोळ्यांपेक्षा रोगांनी कितीतरी अधिक माणसे मारली. त्सेत्से माशीने घोडे आणि बैल संपवले. जिगर नावाची पिसू पायाच्या नखाखाली शिरून तिथेच अंडी धरू लागे आणि शिपाई टाचणीने ती काढत बसत. जिथे कीटक सैन्याला पोखरत होते, तिथे ज्याच्या देहात पोळे झाले आहे असा हरवलेला शिपाई ही कल्पना वेगळी रचावी लागली नाही.

कथा अगदी लहान ठेवली: माघारीत मागे राहिलेले चौघे शिपाई, एक जखमी जमादार (म्हणजे पलटणीतला हिंदी अधिकारी), आणि झुडपांतून ऐकू येणारी गुणगुण. पलटणीचे नाव कुठेही घ्यायचे नाही असे आम्ही ठरवले, कारण प्रत्यक्ष लढलेल्या माणसांच्या नावावर आमचा कल्पित राक्षस चिकटवणे मला मान्य नव्हते. त्या मोहिमेत ओझी वाहताना हजारोंनी मेलेल्या आफ्रिकी हमालांचाही प्रश्न होता. चेहरे काळे रंगवून आमच्याच मुलांना उभे करण्यास मी स्पष्ट नकार दिला. त्याऐवजी वाटेवर टाकून दिलेली ओझी दाखवली. शत्रूही पडद्यावर येत नाही. ह्यामुळे माणसे कमी लागली, हे खरे आहे. पण पैसे असते तरी मी हेच केले असते.

जागेसाठी चंबळच्या बीहडाइतके सोयीचे काहीच नव्हते. पाण्याने कापलेल्या मातीच्या त्या घळी माणसापेक्षा उंच असतात, त्यांत उतरले की विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे दिसेनासे होतात, आणि बाभळीची काटेरी झुडपे आफ्रिकी रानाचे काम करू शकतात. नदीकाठचा भाग घडियालांच्या अभयारण्यात येतो, म्हणून आम्ही नदीपासून दूर, एका शेतकऱ्याच्या खासगी जमिनीला लागून असलेली घळ निवडली. पोलीस ठाण्यात लेखी माहिती दिली आणि सुताराकडून करून घेतलेल्या लाकडी बंदुका तिथे नेऊन दाखवल्या. घळीच्या भिंती अचानक ढासळतात, त्यामुळे कोणीही त्यांना टेकायचे नाही आणि मातीला कुदळ लावायची नाही, हा नियम मी शेवटपर्यंत कडकपणे पाळायला लावला.

चित्रीकरण जानेवारीत केले, कारण त्या दिवसांत आमच्याकडे पहाटे जे दाट धुके पडते, तसा धूर कोणत्याही यंत्रातून निघत नाही. धुक्यात पाच पावलांपलीकडचा माणूस नुसती आकृती होतो, आणि प्रेक्षकाला त्या आकृतीत हवे ते दिसू लागते. अडचण एकच होती, ती म्हणजे उष्ण देशातल्या शिपायांच्या तोंडातून वाफ निघणे. ह्यावर जुना उपाय आहे: संवादाच्या आधी तोंडात बर्फाचा खडा धरायचा आणि ‘ॲक्शन’ म्हणण्यापूर्वी तो टाकून द्यायचा. अर्ध्या चड्डीत कुडकुडणाऱ्या मुलांनी हे कुरकुर न करता केले, ह्याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी फार आदर आहे.

राक्षसावर सर्वांत जास्त वेळ गेला. रबरी मुखवट्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून गणपतीचे मखर करणाऱ्या आमच्या दादांनी उघडल्यावर जाळीदार फुलणारी सजावटीची कागदी झुंबरे आणली, ती कापून वितळलेल्या मेणात बुडवली आणि चहाच्या पाण्याने डाग दिले. जवळून पाहिले तरी ते पोळेच वाटत होते. छातीवर पातळ मलमलीचा तुकडा ताणून त्यावर कारळे आणि काळे तीळ डिंकाने चिकटवले, खाली सायकलची जुनी ट्यूब ठेवली आणि चौकटीबाहेरून पंपाने हळूहळू हवा भरली. कापड फुगते, बी एकमेकांवर सरकते, आणि त्वचेखाली काहीतरी जिवंत आहे असे वाटते. संगणकावर हजार माश्या काढल्या असत्या तरी ही किळस आली नसती, असे माझे ठाम मत आहे.

तरीही खरा राक्षस आवाजात आहे. गुणगुण कुठून आणायची ह्याचा विचार करताना मला शेजारच्या गाणे शिकवणाऱ्या मावशींचा तानपुरा आठवला. त्या आधी घाबरल्या. “अगं, घोडीला हात लावशील तर जवारी करणारा माणूस आता शोधून मिळत नाही,” त्या म्हणाल्या. घोडी म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, आणि नाद भरदार यावा म्हणून ती घासून नेमकी करणे म्हणजे जवारी. मी शब्द दिला की घोडीला कोणीही हात लावणार नाही. मग त्यांनीच तारांखालचा दोरा थोडा थोडा सरकवत नेला, आणि एका ठिकाणी तो भरदार नाद फाटून कर्कश झणझण होऊ लागली. आम्ही तीच ध्वनिमुद्रित केली, दुसरा तानपुरा जाणूनबुजून किंचित उतरवून त्यासोबत मिसळला आणि संगणकावर दोन्ही एक सप्तक खाली आणले. दोन बेसूर तारांच्या घर्षणातून जी लाट उठते, तिने राक्षस दिसण्याच्या कितीतरी आधी भीती बसते.

संकलनात मी राक्षसाची दृश्ये सतत कमी करत गेले आणि जिगर काढण्याचे दृश्य वाढवत गेले. त्यात काहीच अद्भुत नाही: एक शिपाई दुसऱ्याचा पाय मांडीवर घेतो, टाचणी काडीवर तापवतो आणि गावाकडच्या पेरणीबद्दल बोलत नखाखाली खुपसतो. मंडळाच्या सभागृहात लघुपट दाखवला, तेव्हा लोकांनी सर्वाधिक तोंडे फिरवली ती ह्याच दृश्याला, आणि त्यानंतर राक्षस आला तेव्हा त्यांना तो खरा वाटला. मावशी शेवटपर्यंत बसल्या, आणि दिवे लागल्यावर त्यांनी एवढेच विचारले की शेवटच्या दृश्यात षड्ज मधेच का थांबवला. मी त्यांना सांगितले की तिथे जमादार मरतो, आणि त्याच्या कानांनी ऐकू येणारे सर्व तिथेच थांबायला हवे होते. सध्या हिंदी उपशीर्षके बसवण्याचे काम चालू आहे, कारण बीहडाकाठच्या ज्या गावाने आम्हाला घळ दिली, तिथे आम्हाला हा लघुपट पडदा लावून दाखवायचा आहे.